ऑस्लोत विगेलँड पार्क फुकट बघायला मिळतंय, मग तिकीट काढून म्युझियम कशाला?

कोल्हापूरची मंडळी मुलाकडं नॉर्वेला निघालीत आणि एकच दिवस हाय म्हणून विचारताय, तर माझं मत, विगेलँड म्युझियम सोडू नकाच. पार्क चोवीस तास उघडं असतंय, २०० च्या वर शिल्पं, सगळी एकट्या गुस्ताव विगेलँडची, आणि सगळे लोक पुलावरच्या रडक्या रागीट पोराच्या पुतळ्याबरोबर सेल्फी काढून परत येतात, त्याचा हात हात लावून लावून चकचकीत झालाय.

खरी मजा म्युझियममध्ये हाय. १९२१ ला ऑस्लो नगरपालिकेनं विगेलँडशी करार केला, आम्ही तुला स्टुडिओ आणि घर बांधून देतो, तू तुझं सगळं काम शहराला दे. तीच ही इमारत, १९४७ ला म्युझियम झालं, तो १९४३ लाच गेला आणि त्याच्या अस्थी तिथंच टॉवरमध्ये हायत. (आपल्याकडं असा करार करणारी नगरपालिका दाखवा!)

आत शिल्पांची मूळ प्लास्टर मॉडेल्स, कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत रंग द्यायच्या आधीचे पांढरेशुभ्र गणपती दिसतात ना तसं वाटतंय. पार्कातला मोनोलिथ म्हणजे एकाच ग्रॅनाइटच्या दगडात १२१ माणसं, त्यानं मातीत मॉडेल केलं, त्याचं प्लास्टर केलं आणि ते बघून तीन कारागीर जवळजवळ १४ वर्षं दगड घडवत बसले, हे आत गेल्यावर नीट कळतंय.

१२ नंबरची ट्राम पकडा, आधी पार्क करा, मग चालत म्युझियम, लांब नाही. सोमवार तेवढा टाळा.