डीबीव्हरमध्ये टेबल दिसतं, पण एन८एनमध्ये 'टेबल अस्तित्वात नाही' असं येतं, काय तपासू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवर एन८एन (वर्कफ्लो, म्हणजे आपोआप चालणारी कामांची साखळी, बनवायचं साधन) डॉकरमध्ये, म्हणजे मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या कंटेनर नावाच्या डब्यात, चालतं. त्याच मशीनवर, पण डॉकरबाहेर, पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर आहे आणि त्यात ईआरपीचं (कंपनीचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) ऑर्डर्स नावाचं टेबल आहे. लॅपटॉपवरच्या डीबीव्हर या डेटाबेस बघायच्या साधनातून, एसएसएच टनेल (सर्व्हरपर्यंतची सुरक्षित वाट) लावून, टेबल व्यवस्थित दिसतं. एन८एनमध्ये आधी 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत होतं. मग सर्व्हर सांभाळणाऱ्याने काहीतरी बदललं आणि आता 'रिलेशन ऑर्डर्स डझ नॉट एक्झिस्ट' येतं. यूजर आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच आहेत.

पहिली गोष्ट, तुम्ही पुढे सरकला आहात. हे दोन एरर दोन वेगळ्या दारांवरचे आहेत. 'रिफ्यूज्ड' म्हणजे त्या पत्त्यावर त्या पोर्टला कोणी ऐकतच नव्हतं. नुसता टाइमआउट आला असता तर मी फायरवॉलकडे बोट दाखवलं असतं. 'पीजी_एचबीएमध्ये (कोणाला कुठून आत घ्यायचं ते सांगणाऱ्या पोस्टग्रेसच्या फाइलमध्ये) नोंद नाही' असं आलं असतं, तर पोस्टग्रेसपर्यंत पोहोचलात पण तुमच्या पत्त्याला आत घ्यायचं त्याला कोणी सांगितलेलं नाही. 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' हे त्याच्या पुढचं दार. टेबल सापडत नाही असं जो पोस्टग्रेस म्हणतो, त्याने तुम्हाला घरात घेतलेलं आहे. त्यामुळे आता होस्ट, पोर्ट, पासवर्ड यांना हात लावू नका.

डीबीव्हर जोडलं जात होतं आणि एन८एनला आधी 'रिफ्यूज्ड' येत होतं, याचं मूळ टनेलमध्ये आहे. टनेलमधून गेलं की पोस्टग्रेसला वाटतं, कोणीतरी याच मशीनवरून, १२७.०.०.१ वरून आलं. एन८एन मात्र कंटेनरमधून येतं आणि कंटेनरचं लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. तिथे पोस्टग्रेस नाही, म्हणून 'रिफ्यूज्ड'. कंटेनरमधून बाहेरच्या मशीनला गाठायचं तर होस्ट म्हणून 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' द्यावं लागतं. डॉकर डेस्कटॉपवर हे नाव आपोआप मिळतं, पण लिनक्सवर कंपोज फाइलमध्ये (कंटेनर कसे चालवायचे ते लिहिलेल्या फाइलमध्ये) एक्स्ट्रा होस्ट्सखाली त्याला 'होस्ट-गेटवे' जोडून द्यावं लागतं. शिवाय पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर ऐकतं. लिसन अ‍ॅड्रेसेस ही सेटिंग बदलून सर्व्हिस पूर्ण रीस्टार्ट केल्याशिवाय ते बाहेर ऐकत नाही. पीजी_एचबीए फाइलमधल्या बदलाला मात्र रीलोड पुरतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: तपासणी जिथून अ‍ॅप बोलतं तिथूनच करा, आणि अ‍ॅपच्याच यूजरने करा. एन८एनच्या कंटेनरमध्ये पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला कमांड द्यायचं साधन) नसतं. त्यासाठी पोस्टग्रेसची इमेज (कंटेनरचा तयार साचा) घेऊन, एन८एन ज्या डॉकर नेटवर्कवर आहे त्याच नेटवर्कवर एक तात्पुरता कंटेनर चालवा (होस्ट-गेटवेची जोडणी त्यालाही द्या) आणि त्यातून पीएसक्यूएलने जोडा. आत गेल्यावर चार गोष्टी विचारा: करंट यूजर कोण, करंट डेटाबेस कोणता, सर्च पाथ (टेबल कोणकोणत्या स्कीमांत, म्हणजे डेटाबेसमधल्या कप्प्यांत, शोधायचं त्याची यादी) काय, आणि टू_रेगक्लास या फंक्शनला टेबलचं नाव दिलं तर काय येतं. शेवटचं उत्तर रिकामं आलं, तर त्या नावाचं टेबल त्या यूजरला त्या जागी सापडत नाही.

तुमच्या बाबतीत मला सर्वांत जास्त संशय डेटाबेसच्या नावाचा आहे. एन८एनच्या पोस्टग्रेस क्रेडेन्शियलमध्ये (जोडणीच्या तपशिलात) डेटाबेसच्या चौकटीत आधीपासूनच 'पोस्टग्रेस' भरलेलं असतं. घाईत ते तसंच राहतं, कनेक्शनची चाचणी हिरवी होते, आणि तुम्ही वेगळ्याच, रिकाम्या डेटाबेसमध्ये टेबल शोधत बसता. पोस्टग्रेसमध्ये एका डेटाबेसमधून दुसऱ्यातलं टेबल सरळ वाचता येत नाही, त्यामुळे नाव कितीही बरोबर लिहिलं तरी ते सापडणार नाही.

डेटाबेस बरोबर असेल तर स्कीमा बघा. मूळ सर्च पाथमध्ये यूजरच्या नावाचा स्कीमा आणि पब्लिक एवढंच असतं. ईआरपीवाले बऱ्याचदा आपला वेगळा स्कीमा करतात. मग टेबलच्या नावाआधी स्कीमाचं नाव आणि टिंब द्यावं लागतं. आणि तिसरी शक्यता कॅपिटल अक्षरांची. टेबल बनवताना नाव अवतरणात, पहिलं अक्षर कॅपिटल असं दिलं असेल, तर दर वेळी दुहेरी अवतरणातच लिहावं लागतं, नाहीतर पोस्टग्रेस ते सगळं स्मॉल करून शोधतो. एररमधलं नाव सगळं स्मॉल आहे आणि डीबीव्हरच्या झाडात ते कॅपिटलने सुरू होतंय, असं असेल तर कारण सापडलं. डीबीव्हर नाव सुचवताना ती अवतरणं स्वतःच घालतं, म्हणून तिथे हे लक्षात येत नाही.

नाव जुळलं की पुढचा एरर 'परमिशन डिनाइड' येऊ शकतो. घाबरू नका, तेही पुढचंच दार आहे. इथे दोन परवानग्या लागतात: स्कीमावर युसेज आणि टेबलवर सिलेक्ट. एकच दिली की काम अडतं. सिरियल कॉलम (आपोआप वाढणारा क्रमांक) असलेल्या टेबलमध्ये ओळी घालायच्या असतील, तर तो क्रमांक देणाऱ्या सिक्वेन्सवरही युसेज लागते.

परवानगीवरून मी स्वतः जवळजवळ आठवडा घालवला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खरेदीच्या मंजुरीचा एक वर्कफ्लो होता. दिवसभर सुरळीत चालायचा आणि रोज सकाळी 'परमिशन डिनाइड' देऊन पडायचा. मी रोज सकाळी ग्रँट (परवानगी देणारी कमांड) द्यायचो, तो चालू व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कोणीतरी मुद्दाम परवानगी काढतंय असं वाटून मी दोन माणसांना उगाच विचारूनही आलो, याचं आजही वाईट वाटतं. खरं कारण रात्रीच्या जॉबमध्ये होतं. तो टेबल ड्रॉप करून नव्याने बनवायचा आणि मग भरायचा. टेबल गेलं की त्यावरची परवानगीही गेली. सकाळचं टेबल नावाने तेच, पण पोस्टग्रेसच्या लेखी नवं. 'स्कीमातल्या सगळ्या टेबलांवर ग्रँट' ही कमांडही फक्त त्या घडीला असलेल्या टेबलांना लागू होते, उद्याच्या नाही. उद्याच्या टेबलांसाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस वापरावं लागतं, आणि तेही टेबल बनवणाऱ्या रोलच्या (पोस्टग्रेसमधल्या यूजरच्या) नावाने. मी ते आधी माझ्या रोलने चालवलं होतं, म्हणून त्याचा काही उपयोग झाला नव्हता. शेवटी जॉबमध्ये ड्रॉपच्या जागी ट्रंकेट (टेबल ठेवून फक्त ओळी पुसणं) केलं आणि प्रश्न मिटला.

एन८एनच्या यादीत टेबल दिसत नसेल, तर त्याचंही कारण इथेच असू शकतं. ती यादी इन्फर्मेशन स्कीमामधून (डेटाबेसमध्ये काय काय आहे ते सांगणाऱ्या स्कीमामधून) येते, आणि इन्फर्मेशन स्कीमा फक्त ज्यावर तुमचा काहीतरी हक्क आहे तेवढंच दाखवते. मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचं उत्तर साठवून ठेवणारे) तर तिथे मुळीच येत नाहीत. ते हाताने क्वेरी लिहूनच वाचावे लागतात.

सर्वांत फसवा प्रकार एरर नसतानाचा. टेबलवर रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचं बंधन) लावलेली असेल आणि तुमच्या रोलसाठी पॉलिसी नसेल, तर क्वेरी यशस्वी होते आणि शून्य ओळी येतात. एन८एनमध्ये नोडमधून (वर्कफ्लोच्या एका पायरीतून) काहीच आलं नाही की पुढचे नोड चालत नाहीत, त्यामुळे वर्कफ्लो गुपचूप थांबलेला दिसतो. अशा वेळी 'ऑलवेज आउटपुट डेटा' चालू करून लपवाछपवी करू नका, आधी ओळी का येत नाहीत ते शोधा.

डीबी_टाइप आणि डीबी_पोस्टग्रेसडीबीने सुरू होणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स याला लावू नका. ती एन८एनने स्वतःचे वर्कफ्लो कुठे साठवायचे यासाठी आहेत, बाहेरच्या टेबलांशी त्यांचा संबंध नाही.

आता मला खरी काळजी वाटते ती त्या 'काहीतरी बदललं' याची. सर्व्हरवाल्यांना पीजी_एचबीए फाइल उघडून दाखवायला सांगा. तिथे ०.०.०.०/० ला (म्हणजे कुठल्याही पत्त्याला) 'ट्रस्ट' अशी ओळ असेल, तर पोर्टपर्यंत पोहोचणारा कोणीही पासवर्डशिवाय तुमच्या ईआरपीत शिरू शकतो. ती ओळ आजच काढा. फाइलमध्ये वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून खाली कडक ओळ घालून भागत नाही. त्याऐवजी डॉकर नेटवर्कची रेंज, तो एकच डेटाबेस, तो एकच यूजर आणि स्क्रॅम-शा-२५६ (पासवर्ड तपासायची पद्धत) असं लिहा. कंटेनरमधून त्याच मशीनवर जाताना पोस्टग्रेसला कंटेनरचा आयपी दिसतो, बहुधा १७२ ने सुरू होणारा. उद्या डेटाबेस दुसऱ्या मशीनवर हलवलात तर मात्र त्याला डॉकर चालवणाऱ्या मशीनचा आयपी दिसेल आणि ही ओळ बदलावी लागेल. हे सगळं नको असेल, तर एन८एनच्या क्रेडेन्शियलमध्येही एसएसएच टनेलची सोय आहे.

आणि एन८एनला ईआरपीचा मुख्य यूजर देऊ नका. वेगळा रोल करा, स्कीमावर युसेज आणि लागणाऱ्या टेबलांवर फक्त सिलेक्ट द्या. वर्कफ्लोमध्ये चुकून लिहिलेली एक डिलीट क्वेरी कोणाच्या तरी महिन्याभराच्या ऑर्डरी पुसू शकते.

तात्पुरत्या कंटेनरमधून त्या चार प्रश्नांची काय उत्तरं येतात ती इथे टाका, आयपी आणि नावं झाकून. सर्च पाथ आणि टू_रेगक्लास एवढं दिसलं तरी नेमकं कुठे अडतंय ते सांगता येईल.