वाचकांचे प्रश्न : मालिकेची दिग्दर्शिका व्हायचे आहे

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातील असून साताऱ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालयात एकांकिका बसवते आणि पुढे दूरचित्रवाणी मालिकांचे दिग्दर्शन करावे अशी इच्छा आहे. जवळच चालू असलेल्या एका चित्रीकरणावर सहायक म्हणून काम मिळू शकते. घरचे मात्र आधी रीतसर शिक्षण घे म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : पदवी अर्धवट सोडू नका. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या टेलिव्हिजन विभागात दिग्दर्शनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. परीक्षा झाली की मात्र ते सहायकाचे काम अवश्य स्वीकारा. ‘लागिरं झालं जी’ आणि ‘देवमाणूस’ या मालिकांचे चित्रीकरण सातारा परिसरात झाले, त्यामुळे मुंबईत खोली न घेताही या कामाची तोंडओळख करून घेणे आता आपल्या भागातल्या मुलीला शक्य झाले आहे. प्रवेश परीक्षेला बसताना हा अनुभव गाठीशी असेल, तर तिथे काय शिकायचे आहे हेही तुम्हाला नेमके ठाऊक असेल.

एकांकिका बसवणाऱ्याला सेटवर पहिला धक्का बसतो तो प्रसंगांच्या क्रमाचा. मालिका कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही, जागेच्या क्रमाने होते. दिवाणखान्यात प्रकाशयोजना लागली की तीन-चार भागांतले दिवाणखान्यातले प्रसंग एकामागून एक उरकले जातात. म्हणजे सासूने केलेल्या अपमानानंतरचे रडणे सकाळी होते आणि तो अपमान, समोरच्या कलावंताची तारीख मिळेल तेव्हा, दोन दिवसांनी. अशा वेळी ती सून किती दुखावली आहे, रागावली आहे की थकली आहे, याचा धागा साऱ्या युनिटमध्ये एकाच माणसाच्या हातात असतो, आणि तो माणूस म्हणजे दिग्दर्शक. सुमारे बावीस मिनिटांच्या भागासाठी रोज बारा-बारा तास काम चालू असताना, प्रक्षेपणाआधी भाग हाताशी असावेत म्हणून सगळ्यांची घाई चाललेली असताना, हा धागा न सोडणे हेच मला या व्यवसायातले सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर काम वाटते.

नव्या मुलीला बहुधा कंटिन्यूइटी सांभाळायला देतात : पदर कोणत्या खांद्यावर होता, कप कोणत्या हातात होता, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते. हे काम मन लावून करा, कारण त्यासाठी पटकथा ओळ न् ओळ वाचावी लागते, आणि कपड्यांच्या नोंदीशेजारी त्या पात्राच्या मनःस्थितीचीही नोंद ठेवा. परंतु मुलगी आहे म्हणून वर्षानुवर्षे तिला कपडे आणि कंटिन्यूइटीवरच ठेवण्याची रीत मला मुळीच मान्य नाही. मॉनिटरशेजारी उभे राहण्याची परवानगी मागा, संकलनाला जाऊन बसा, आणि काम हाताला बसले की एखादा लहान प्रसंग घेऊ द्या असे स्पष्ट शब्दांत सांगा. न मागता ही संधी देणारी माणसे थोडी असतात.

नाटकाचा अनुभव कमी लेखू नका. सई परांजपे राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिकल्या, दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी काम केले आणि चित्रपट त्यानंतर केले. विजया मेहता यांनी रंगभूमीवरची जाण घेऊनच दूरदर्शनसाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पडद्यावर आणली. पुढे अल्फा मराठीवर प्रतिमा कुलकर्णी यांच्या ‘प्रपंच’ने एका घरातल्या साध्या बोलण्याचालण्यावर मालिका उभी करून दाखवली. नटाशी बोलता येणे ही या तिघींची समान शिदोरी आहे, आणि ती तुम्ही एकांकिकांमधून जमवू लागला आहात.

प्रश्न : आमच्या सांगलीत नाटकाचे कौतुक घरोघर आहे, तरी मुलीने रात्री उशिरापर्यंत चित्रीकरणावर थांबावे हे मनाला पटत नाही. अडवावे का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा सीतेची भूमिकाही पुरुषानेच केली होती, बायकांनी या क्षेत्रात पाऊल ठेवले ते घरच्यांच्या काळजीला तोंड देतच. तुमची काळजी रास्त आहे, पण अडवण्यापेक्षा चौकशी करा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे काम करतात त्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्या समितीवर कोण आहे, रात्री घरी सोडण्यासाठी गाडी कोणाची, मुक्काम पडल्यास राहण्याची सोय कुठे आणि कोणाबरोबर, हे मुलीने काम स्वीकारण्यापूर्वीच विचारावे. उत्तर देताना निर्मितीसंस्था टाळाटाळ करत असेल, तर तिथे जाऊ नये असेच मी सांगेन. दुसरे काम मिळते.

प्रश्न : सगळे वाहिनीच ठरवते, मग दिग्दर्शकाच्या हाती राहते तरी काय?
– एक वाचक, वाई

उत्तर : कथा कोणत्या दिशेला वळणार हे वाहिनी आणि लेखक ठरवतात, आणि दर आठवड्याच्या टीआरपीनुसार ते बदलतेही. दिग्दर्शकाच्या हाती राहतो तो प्रसंग : नट कुठे उभा राहील, कोणते वाक्य पाठमोरे बोलेल, कॅमेरा बोलणाऱ्यावर राहील की ऐकणाऱ्यावर. अपमान करणाऱ्या सासूऐवजी तो ऐकणाऱ्या सुनेच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबवला, तर संवादातला एकही शब्द न बदलता तो प्रसंग सुनेचा होतो, आणि हा निर्णय घेण्यासाठी वाहिनीकडे जावे लागत नाही.