ओले इन्सुलेशन बोर्ड पुसून लगेच स्लॅबवर बसवू नका

गुहागरच्या दादांची पोस्ट वाचली. स्लॅबवर इन्सुलेशनचे (उष्णता अडवणारे) बोर्ड रचलेत, निळी ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधलीय तरी आतून थेंब धरतायत, आणि गणपतीच्या आधी काँक्रीट उरकायचंय म्हणून पुसून बसवू का असं विचारलंय. आमच्या घराच्या वेळी हाच त्रास काढलाय म्हणून सविस्तर लिहितोय. मी इंजिनिअर नाही, शेवटचा शब्द तुमच्या इंजिनिअरचा, पण माझ्या मते अजिबात बसवू नका.

आधी बोर्ड कुठला ते बघा. पांढरा, मोडला की दाणे सुटतात तो ईपीएस, म्हणजे आपला थर्माकोल. पाणी दाण्यांच्या मधल्या फटीत शिरतं, वरून फडका मारून काही होत नाही. गुळगुळीत, दाणे न दिसणारा एक्सपीएस असेल तर पाणी फारसं आत जात नाही, तो पुसून वारा दिला तरी चालतो. कागदी थराचा पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम असेल आणि कागद सुटायला लागला असेल तर मी तरी तो वापरणार नाही.

शंका असेल तर सरळ वजन करा. १ मीटर बाय अर्धा मीटर, ५० मिमी जाडीचा, २० घनतेचा (घनमीटरला २० किलो) थर्माकोल अर्धा किलो भरायला हवा. हुकाच्या काट्यावर तोच दीड किलो दाखवत असेल तर आत एक लिटर पाणी आहे. पाणी फोमपेक्षा पंधरा-वीस पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे ज्यासाठी पैसे घातले तेच गेलं. आणि खाली वॉटरप्रूफिंग, वर काँक्रीट, मधल्या पाण्याने जायचं कुठे? कुठे बारीक फट असली की तिथून छतावर ओल येते आणि मग बुरशी.

ताडपत्री छपरासारखी वर धरायची, गुंडाळायची नाही. जमिनीतली ओल आणि आपली दमट हवा आत कोंडली की दिवसा तापते, रात्री ताडपत्रीला घाम फुटतो आणि तेच पाणी परत बोर्डांवर. खाली चिरे, त्यावर वासे टाकून वीतभर उंच रचा, वरची ताडपत्री उतरती बांधा आणि बाजू मोकळ्या ठेवा. वाऱ्याने उडतात म्हणून वर फळी टाकून मग वजन द्या, नुसता चिरा ठेवलात तर खड्डा पडतो.

आम्हाला सगळ्यात जास्त भोवलं ते मात्र सप्लायरचं ऑफिस. २०२१ साली माल एप्रिलात द्यायचं कबूल केलं होतं, तो ट्रान्सपोर्टच्या उघड्या आवारात पडून राहिला आणि मे मध्ये तौक्ते वादळ आलं. मग तोच माल तसाच आमच्याकडे पाठवला. मी मुंबईत, घरी फक्त आई-बाबा, ड्रायव्हर म्हणाला चलनावर सही केल्याशिवाय रस्सी सोडणार नाही. बाबांनी सही केली. पॅक उतरवले तर वरचं प्लास्टिक फाटलेलं, खालचं शाबूत, त्यामुळे आत पाणी साठलेलं, आडवा केला की कोपऱ्यातून धार लागायची. ऑफिसला फोन केला तर म्हणे आमचा माल वॉटरप्रूफ असतो, उन्हात ठेवा. लेखी तक्रार केली तर उत्तर आलं, चलनावर माल सुस्थितीत मिळाल्याची सही आहे. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पॅकिंग त्यांचं. एवढ्याशा छापील ओळीवर म्हाताऱ्या माणसाची सही घ्यायची आणि पुढे तीच तोंडावर फेकायची, याचा राग अजून गेलेला नाही. पैसे मिळाले नाहीतच, अर्धा माल नवीन घ्यावा लागला.

म्हणून घरी जे कोणी असेल त्यांना आधीच सांगून ठेवा, रस्सी सोडायच्या आधी फोटो काढायचे आणि चलनाच्या सगळ्या प्रतींवर "पॅकिंग फाटलेलं, माल ओला, तपासणी बाकी" असं लिहूनच सही करायची. ड्रायव्हर कटकट करतो, करू दे.

उन्हात ठेवा हा सल्लाही अर्धवटच. एखाद्या दिवसाने काही होत नाही पण आठवडेच्या आठवडे कडक उन्हात राहिले की पिवळे पडतात आणि वरून पावडर सुटते. पडवीत उभे करा, मध्ये बोटभर फट ठेवा, पंखा लावा. श्रावणात उघडीप असली तरी हवा दमटच असते, थर्माकोलला आठवडे लागतील, मधून मधून वजन करत राहा. वेल्डिंग आणि चूल यांच्यापासून लांब, फोम भसकन पेटतो. रचलेल्या ढिगात मुंगळे घर करतात तेही बघत राहा.

बसवताना वॉटरप्रूफिंगवर तीन दिवस पाणी भरून गळत नाही हे बघा, मग ते पूर्ण सुकू द्या. सॉल्व्हंटवालं डांबरी प्रायमर थर्माकोलला आणि एक्सपीएसला विरघळवतं, त्यामुळे काय लावणार ते कारागिराला आधी विचारा. आणि एका दिवसात जेवढं झाकून होईल तेवढेच बोर्ड पसरा.

गणपतीसाठी घाई करू नका असं मी सांगेन. या वर्षी स्लॅबवर नुसतं वॉटरप्रूफिंग करून घ्या, ढाळ नीट ठेवा, घरात गणपती आरामात बसतील. बोर्ड दिवाळीनंतर. बोर्डाची जाडी आणि एकाचं वजन इथे टाका, पाणी किती आहे ते काढून सांगतो.