काय वाचू? : मुलगा कॅथलिक व्हायचं म्हणतो

प्रश्न : आमचं घर तीन पिढ्या मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतलं. मुलगा नोकरीसाठी वसईला गेला आणि आता कॅथलिक व्हायचं म्हणतो. का विचारलं की इंग्रजी पुस्तकांची नावं सांगतो. मध्येच ऑर्थोडॉक्स चर्चचंही काढतो. मला भांडायचं नाही, पण तो काय वाचतोय ते तरी कळावं. सुरुवात कशाने करू?
– एक आई, दापोली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला सासरची पहिली संध्याकाळ आठवली. मीही रत्नागिरीकडच्या मंडळीतली, लग्न करून वसईला आले. जेवणाआधी घरात जपमाळ सुरू झाली. त्यात प्रभूची प्रार्थना तेवढी ओळखीची, म्हणून मी जोरात म्हणू लागले. 'वाइटापासून सोडव'पाशी सगळे थांबले आणि मी एकटीच पुढे : 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत.' सासूबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. नणंदेने तोंडाला पदर लावला. हेच शब्द मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, थोडं थांबून येतात, ते रविवारी कळलं.

मी काही पुस्तक वाचून कॅथलिक झाले नाही. पुस्तकं मागाहून वाचली, कुतूहलाने.

तुम्ही 'रोम स्वीट होम'पासून सुरुवात करा. स्कॉट आणि किम्बर्ली हान या अमेरिकन नवराबायकोने १९९३ साली लिहिलेलं. आळीपाळीने एक भाग त्याचा, एक तिचा. तो प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा पाळक (धर्मगुरू), ती पाळकाचीच लेक. तो १९८६ मध्ये कॅथलिक झाला, ती १९९० मध्ये. मधली चार वर्षं एका घरात दोन चर्च. त्याचे भाग म्हणजे वकिली; मुलगा तेच तुम्हाला ऐकवत असणार. तुम्ही तिचे वाचा.

'इतिहासात खोल उतरलं की प्रोटेस्टंट राहता येत नाही,' असंही मुलगा म्हणाला असेल. ते जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मगुरूंचं, १८४५ च्या ग्रंथातलं. त्याच वर्षी ते इंग्लंडचं अँग्लिकन चर्च सोडून कॅथलिक झाले. पण त्यांचं आत्मवृत्त 'अपॉलॉजिया' १८६४ चं, चार्ल्स किंग्जली यांनी खोटेपणाचा आरोप केला तेव्हा उत्तरादाखल लिहिलेलं. भाषा जड, वाद सगळा ऑक्सफर्डच्या अँग्लिकन लोकांतला. स्कॉटिश आणि अमेरिकन मिशनऱ्यांकडून आलेल्या आपल्या मंडळीला त्यात आपलं असं फार सापडत नाही. मी दोनदा अर्ध्यावर सोडलं.

ऑर्थोडॉक्सांबद्दल पीटर गिलक्विस्ट यांचं 'बिकमिंग ऑर्थोडॉक्स' (१९८९). सुमारे दोन हजार इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंटांतलेच) लोक १९८७ मध्ये एकगठ्ठा अँटिओकियन ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या जुन्या चर्चमध्ये गेले, त्याची हकिगत. वाचायला सोपं आहे.

या सगळ्यांत एक खोट आहे. लिहिणारा मुक्कामाला पोचल्यावर लिहायला बसतो, त्यामुळे वाटेतला प्रत्येक खड्डा त्याला खूण वाटतो. मागे राहिलेल्या माणसाचं म्हणाल, तर ते तुमच्या कपाटात असेलच : 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचं काय झालं, तेवढा भाग पुन्हा काढा. धर्मांतर वेगळं, पण घरातलं रडणं तेच.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते : तुमच्या मंडळीत झालेला त्याचा बाप्तिस्मा पुसला जाणार नाही. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल, तर कॅथलिक चर्च तो मानतं, पुन्हा देत नाही. स्वीकाराच्या विधीत विश्वासाची कबुली, दृढीकरण (तेल लावून बाप्तिस्मा पक्का करणं) आणि कम्युनियन (प्रभुभोजन), एवढंच होतं.

हानांची माझी प्रत मासिकाच्या पत्त्यावर ठेवते, मागवून घ्या. किम्बर्लीच्या भागांत पेन्सिलीच्या रेघा फार आहेत, तेवढं चालवून घ्या.