क्रॅक वर्षाला 4 मिमी वाढतोय, मग काळजी कशाला?

प्रश्न: क्रेनच्या बीमला वेल्डिंगच्या कडेला क्रॅक दिसला. डाय (फटीत शिरून ती उठून दाखवणारा रंग) मारून मोजला तर 10 मिमी, सहा महिन्यांनी 12. म्हणजे वर्षाला 4, चार वर्षांनी 28 मिमी. एवढं चालून जाईल ना?

उत्तर: नाही हो, हा त्रैराशिकाचा हिशोब इथे लागूच होत नाही. क्रॅक जसा लांबतो तसा त्याच्या टोकाशी ताण वाढतो आणि मग तो अजून जोरात पळतो. इंजिनिअर पॉल पॅरिस यांनी 1960च्या दशकात मांडलेला नियम सांगतो की दर सायकलला (एकदा लोड चढून उतरला की एक सायकल) होणारी वाढ ही टोकाशी स्ट्रेस इंटेन्सिटी, म्हणजे तिथे ताण किती एकवटतो त्याचं माप, किती वरखाली होते त्याच्या घातावर ठरते, आणि स्टीलला हा घात साधारण 3 धरतात. म्हणजे लांबी दुप्पट झाली की वेग जवळपास 2.8 पट, आणि उचलायचं वजन दुप्पट केलंत तर थेट 8 पट! शिवाय महिने काय मोजताय, क्रेननं किती वेळा लोड उचलला ते मोजा, सहा महिने बंद असलेली क्रेन क्रॅक वाढवत नाही.

दुसरं म्हणजे डायनं फक्त वरची लांबी कळते, आत किती खोल गेलाय ते नाही, त्याला अल्ट्रासोनिकसारखी (ध्वनिलहरींची) तपासणी लागते. आणि डाय वेळ जाईल तसा पसरतो, त्यामुळे 10 आणि 12 मधला फरक खरा की वाचण्यातला, हीच मला पहिली शंका.

लॅबमध्ये क्रॅकची लांबी मोजायला स्टीलच्या नमुन्यातून स्थिर करंट सोडतात, क्रॅक वाढला की दोन बाजूंमधला व्होल्टेज वाढतो, त्यावरून लांबी काढतात. नाहीतर क्रॅकच्या तोंडाशी क्लिप गेज लावून ते किती उघडतं ते बघतात.

तुटायची लांबी किती हे स्टीलच्या टफनेसवर (क्रॅक असूनही न तुटण्याची ताकद) आणि लोडवर ठरतं, आणि साधं स्टील थंडीत ठिसूळ होतं, म्हणून उन्हाळ्यात टिकलेला क्रॅक कडाक्याच्या थंडीत एका झटक्यात जाऊ शकतो. तज्ज्ञ इंजिनिअर बघेपर्यंत क्रेन बंदच ठेवा.

प्रश्न: टोकाला भोक पाडलं तर थांबेल का?

उत्तर: काही काळ, तेही खरं टोक भोकात आलं तरच. डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढेच ते असतं बऱ्याचदा, म्हणून भोक पाडल्यावर आतून परत डाय मारून बघा.