तरुण गार्ड देऊन 34 वर्षांचा पॉइंट गार्ड घ्यावा का? जेसन किडच्या ट्रेडने काय दाखवले?

तुमच्या आवडत्या एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघाने पस्तिशीकडे आलेल्या एका पॉइंट गार्डसाठी (आक्रमणाची आखणी करणाऱ्या खेळाडूसाठी) आपला तरुण गार्ड आणि पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले हक्क) द्यावेत का, यावरून तुमच्या मित्रांमध्ये दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तट 2008 मध्ये न्यू जर्सीकडून डॅलसकडे झालेल्या जेसन किडच्या ट्रेडचाच, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचाच, दाखला देतात, असे तुम्ही लिहिले आहे. एक तट म्हणतो की किडमुळे डॅलसला विजेतेपद मिळाले. दुसरा म्हणतो की त्या व्यवहारात डॅलसने फार मोठी किंमत मोजली. खरे कोणाचे, असा तुमचा प्रश्न आहे. मी त्या काळात नोकरीनिमित्त डॅलसच्या उत्तरेला प्लेनो येथे राहत होतो आणि हा वाद कचेरीत, मराठी मित्रांच्या घरी, मुलांच्या खेळाच्या मैदानावर अखंड ऐकत होतो. मी तेव्हाही ट्रेडच्या बाजूचा होतो आणि आजही आहे, पण त्याच्या समर्थनार्थ सहसा जी कारणे दिली जातात ती मला पटत नाहीत.

डॅलसची त्या वेळची मनःस्थिती लक्षात घेतल्याशिवाय हा व्यवहार समजत नाही. 2006 च्या अंतिम मालिकेत मायामीविरुद्ध पहिले दोन सामने जिंकून पुढचे चार हरणे, आणि 2007 मध्ये नियमित हंगामात 67 सामने जिंकून पहिल्याच फेरीत आठव्या मानांकनाच्या गोल्डन स्टेटकडून बाहेर पडणे, असे दोन जबर घाव लागोपाठ बसले होते. संघाचा मुख्य खेळाडू डर्क नोवित्स्की 29 वर्षांचा होता. त्यातच फेब्रुवारी 2008 च्या पहिल्या आठवड्यात लेकर्सने पाऊ गॅसोलला आणि फीनिक्सने शकील ओनीलला आणले. पश्चिम विभागातले प्रतिस्पर्धी डोळ्यांदेखत बळकट होत असताना न्यू जर्सीचा किड उघडपणे ट्रेड मागत होता. याच किडला डॅलसने 1994 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडले होते आणि 1996 च्या डिसेंबरमध्ये फीनिक्सला देऊन टाकले होते. त्यामुळे तो परत यावा ही भावना शहरात होतीच. पुढच्याच महिन्यात तो 35 वर्षांचा होणार होता.

बदल्यात जाणार होता डेव्हिन हॅरिस. पंचविशीच्या उंबरठ्यावरचा, विलक्षण वेगवान, नुकताच दीर्घ करार मिळालेला. 2006 मध्ये सॅन अँटोनियोविरुद्धच्या मालिकेत प्रशिक्षक एव्हरी जॉन्सनने त्याला सुरुवातीच्या पाचांत आणले ते सॅन अँटोनियोच्या टोनी पार्करच्या वेगाला वेगाने उत्तर देण्यासाठी, आणि डॅलसने ती मालिका सात सामन्यांत जिंकली. ट्रेडच्या विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा हाच होता: हॅरिस गेल्यावर पार्कर आणि न्यू ऑर्लिन्सचा क्रिस पॉल यांना अडवणार कोण? ‘म्हातारा खेळाडू आणू नका’ या मोघम आक्षेपापेक्षा हा आक्षेप कितीतरी नेमका होता आणि तो खराही ठरला. डॅलस सातव्या मानांकनावर प्लेऑफमध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) गेले, समोर न्यू ऑर्लिन्स आले, आणि पहिल्याच सामन्यात पॉलने 35 गुण केले. डॅलस ती मालिका 4-1 अशी हरले, जॉन्सनची प्रशिक्षकपदावरून गच्छंती झाली आणि पुढच्या हंगामात न्यू जर्सीकडून खेळणारा हॅरिस ऑल-स्टार (हंगामातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला. 2009 च्या उन्हाळ्यात या व्यवहाराचा हिशेब मांडला असता, तर विरोधकांची बाजू सरस दिसली असती.

चाहते ट्रेडवर वाद घालताना एक गोष्ट हमखास विसरतात, ती म्हणजे पगारांची जुळवाजुळव. किडचा त्या हंगामाचा पगार सुमारे 1 कोटी 97 लाख डॉलर होता. पगारमर्यादेच्या (संघाच्या एकूण पगारांवरील मर्यादेच्या) वर असलेल्या संघाला त्या काळच्या नियमानुसार, पाठवलेल्या पगारांच्या 125 टक्के अधिक एक लाख डॉलर एवढाच पगार परत घेता येत असे. म्हणजे एकट्या हॅरिसला देऊन किड येणे शक्यच नव्हते. बाकीची माणसे भरणीला लागणारच होती. पहिला ठरलेला सौदा तर डेव्हियन जॉर्जने मोडला. त्याचा करार एका वर्षाचा होता, आणि ट्रेड झाल्यास पगारमर्यादा ओलांडून त्याच्याशी पुन्हा करार करण्याची जी सवलत त्याच्या संघाला असते तिचा लाभ तो गमावणार होता. अशा खेळाडूला त्याच्या संमतीवाचून पाठवता येत नाही, आणि त्याने संमती नाकारली. जेरी स्टॅकहाउसने तर आपण न्यू जर्सीकडून मुक्त होऊन महिन्याभराने डॅलसला परत येऊ असे बोलून दाखवले, ही पळवाट अशी उघड झाल्यामुळे त्यालाही वगळावे लागले. शेवटी 2006 पासून एकही सामना न खेळलेल्या कीथ व्हॅन हॉर्नशी केवळ पगार जुळवण्यासाठी नवा करार करून त्याला सौद्यात घातले गेले. 19 फेब्रुवारीला व्यवहार पूर्ण झाला तेव्हा हॅरिस, डेसागाना डिऑप, ट्रेंटन हॅसेल, मॉरिस एगर, व्हॅन हॉर्न, 2008 आणि 2010 चे पहिल्या फेरीचे पिक आणि वर 30 लाख डॉलर रोख गेले. किडबरोबर मलिक ॲलन आणि अँटवान राइट आले. ‘एवढी माणसे का दिली?’ हा प्रश्न त्या वेळी सतत विचारला जाई. यांतली निम्मी माणसे खेळाच्या दृष्टीने दिलेली नव्हतीच, ती पगारपत्रकाची गरज होती. खरी किंमत होती हॅरिस आणि दोन पिक. त्यांपैकी 2008 च्या पिकवर न्यू जर्सीने 21 व्या क्रमांकावर रायन अँडरसनला घेतले आणि तो पुढे ऑर्लँडोत चांगलाच नावारूपाला आला. तेव्हा किंमत खरोखर मोठी होती, हे तुमच्या दुसऱ्या तटाचे म्हणणे मी नाकारत नाही.

तरीही मी ट्रेडच्या बाजूचा का? कारण किडच्या खेळातला जो भाग वयाबरोबर झिजतो तो 2008 मध्ये झिजून गेलाच होता, आणि डॅलसला तो नकोच होता. पहिले पाऊल मंद झाल्याने तो पॉलला अडवू शकला नाही, हे सर्वांनी पाहिले. पण कोणत्या क्षणी चेंडू कोणाच्या हाती कुठे पोहोचला पाहिजे ही त्याची जाण वयाने कमी झाली नव्हती, आणि दूरवरून नेम धरणे तर त्याला वय वाढल्यावरच साधले. कारकिर्दीच्या पहिल्या हंगामात तीन गुणांच्या फटक्यांत त्याची यशस्विता 27.2 टक्के होती; 2009-10 मध्ये, 36 व्या वर्षी, ती 42.5 टक्के झाली. रिक कार्लाइल प्रशिक्षक म्हणून आल्यावर आणखी एक बदल झाला. जॉन्सन प्रत्येक चाल बाकावरून ठरवत असे. कार्लाइलने काही काळाने आक्रमणाची सूत्रे किडच्या हाती दिली. ज्या खेळाडूला त्याच्या बुद्धीसाठी आणले, त्याला ती वापरू दिली नाही तर एवढा पगार देण्यात अर्थ नाही, असे मला तेव्हाही वाटत होते.

डॅलसने विजेतेपद मिळवले ते 2011 चे प्लेऑफ ज्यांनी पाहिले त्यांना ओक्लाहोमा सिटीविरुद्धचा चौथा सामना आठवत असेल. शेवटच्या पाच मिनिटांत 15 गुणांची पिछाडी भरून काढून डॅलसने सामना जादा वेळेत नेला, आणि तिथे 105-105 अशी बरोबरी असताना किडने तीन गुणांचा फटका मारून संघाला पुढे नेले. तो तेव्हा 38 वर्षांचा होता. बचावात त्याला वेगवान गार्डच्या मागे धावायला न लावता त्याच्याहून उंच, पण हाताच्या आणि डोक्याच्या बळावर रोखता येतील अशा खेळाडूंसमोर उभे केले जाई. लेकर्सविरुद्ध कोबी ब्रायंट, या मालिकेत केव्हिन ड्युरँट आणि अंतिम मालिकेत लेब्रॉन जेम्स यांच्यासमोर तो काही काळ उभा राहिला. म्हणजे हॅरिस गेल्याने पडलेली पोकळी किडने भरली नाही, ती संघाच्या रचनेने भरली.

म्हणूनच ‘किडमुळे विजेतेपद मिळाले’ हे वाक्य मला अपुरे वाटते. ट्रेडनंतर तीन वर्षे लागली. 2010 मध्ये उंच बचावपटू टायसन चँडलर आला नसता तर 2011 चे विजेतेपद मिळाले नसते, असे माझे ठाम मत आहे. 2009 मध्ये शॉन मॅरियन आला तो अनेक संघांच्या व्यवहारातून, आणि त्यात डॅलसने जे खेळाडू दिले त्यांत किडबरोबर आलेला राइट होता, स्टॅकहाउस होता, आणि पहिला सौदा मोडणारा जॉर्जही होता. असले धागे ट्रेडच्या दिवशी कोणालाच दिसत नाहीत.

याच्या अगदी उलट उदाहरण मिलवॉकीचे आहे आणि ते तुमच्या मित्रांनी विचारात घ्यावे. फेब्रुवारी 2003 मध्ये मिलवॉकीने 27 वर्षांच्या रे ॲलनला सिएटलला दिले आणि मुख्यतः 34 वर्षांच्या गॅरी पेटनला घेतले. पेटनचा करार त्याच उन्हाळ्यात संपत होता. मिलवॉकी पहिल्या फेरीत 4-2 असे हरले, तेही किडच्या न्यू जर्सीकडून, आणि पेटन लेकर्सकडे निघून गेला. वय जवळपास तेच, मान तोच, पण मिलवॉकीने आपला सर्वोत्तम फटकेबाज काही महिन्यांच्या खेळासाठी दिला. डॅलसने नोवित्स्कीला हात लावला नव्हता, आणि किडच्या करारात आणखी एक पूर्ण हंगाम शिल्लक होता, ज्याच्या शेवटी त्याने डॅलसशीच नवा करार केला. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये फीनिक्सने 35 वर्षांच्या क्रिस पॉलला आणले तेव्हाही आपल्या मुख्य तरुण खेळाडूंना, म्हणजे डेव्हिन बुकर आणि डिआंड्रे एटन यांना, जागचे हलवले नाही. केली ऊब्रे, रिकी रुबियो, दोन अगदी नवखे खेळाडू आणि संरक्षित (ठरावीक वरच्या क्रमांकांत आल्यास मूळ संघाकडेच राहणारा) असा पहिल्या फेरीचा एक पिक एवढ्यावर काम भागले. आदल्या हंगामात 34-39 वर असलेला तो संघ 51-21 वर गेला आणि थेट अंतिम मालिकेत पोहोचला.

तुम्ही ज्या ट्रेडविषयी विचारता त्यात तुमच्या संघाचा मुख्य खेळाडू 28-29 वर्षांचा असेल, येणाऱ्या गार्डच्या करारात किमान एक पूर्ण हंगाम उरला असेल, आणि जाणारा तरुण गार्ड तुमच्या मुख्य खेळाडूच्या खेळाला पूरक नसेल, तर मी होकार देईन. मात्र दुसरा पिक वरच्या क्रमांकांसाठी संरक्षित करून घेण्याचा आग्रह धरीन, कारण पस्तिशीतल्या गार्डला दुखापत झाली तर तोच पिक सर्वांत महाग पडतो. मुख्य खेळाडू 22 वर्षांचा असेल आणि संघ अजून प्लेऑफच्या काठावरच असेल, तर तरुण गार्ड ठेवावा. आणि प्रशिक्षक कोण आहे, तो चेंडू गार्डच्या हाती सोपवतो की प्रत्येक चाल स्वतः पुकारतो, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते कळवलेत तर त्या विशिष्ट सौद्याविषयी मला अधिक नेमके सांगता येईल.