पॅड शाळेत होते, किल्ली ऑफिसात होती

दहा-अकरा वर्षांच्या मुलींच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला नाना कारणांनी येतात, पण उठता उठता एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, शाळेतच पाळी आली तर पोरीनं काय करायचं?" पूर्वी मी झटकन उत्तर द्यायचे. दप्तरात पॅड ठेवा, वर्गाच्या बाईंच्या कानावर घाला, शाळेतही असतातच. एका मार्च महिन्यात आलेल्या मायलेकींमुळे ते उत्तर किती तोकडं आहे ते मला कळलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकीकत लिहिते आहे.

आई सोलापूरच्या पूर्व भागातली, विड्या वळणारी. घरात तेलुगू, माझ्याशी मराठी. लेक सहावीत. "शाळेचं नाव काढलं की पोट धरून बसायलीय, मॅडम. दोनदा दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. अभ्यासात बरी होती ओ. कुणी काय केलं की काय, मला रात्रीची झोप लागंना." बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती.

शाळा टाळणाऱ्या मुलांच्या बाबतीत मी खाणं, पाणी, झोप आणि शौचास जाणं हे आधी विचारते. पाण्याचं विचारल्यावर आई म्हणाल्या, "बाटली भरलेलीच परत येते. मला वाटलं, शाळेत गार पाणी मिळत असंल." सोलापूरचा मार्च, आणि सकाळी सातला घरातून निघालेलं मूल दुपारी घरी येईपर्यंत घोटभर पाणी पीत नाही! मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं, पण या वेळी ही बाटलीची गोष्ट सांगायला सांगून. लघवीची तपासणी झाली, जंतुसंसर्ग निघाला, औषध सुरू झालं. म्हणजे पोट खरंच दुखत होतं. "नाटकं करते" हे वाक्य त्या घरात तीन आठवडे फिरत होतं, ते त्या दिवशी थांबलं. मला त्याचं फार बरं वाटलं.

पण पाणी का सोडलं? पहिल्या भेटीत ती बोललीच नाही. दुसऱ्या भेटीत मी तिला शाळेचा नकाशा काढायला सांगितला. तिनं वर्ग काढला, जिना काढला, ऑफिस काढलं आणि ऑफिसात एक कपाट काढून ते पेन्सिलीनं गच्च काळं केलं.

तिची पहिली पाळी दिवाळीच्या सुट्टीत घरीच आली होती. न्हाणाचा कार्यक्रम झाला, हळद लागली, नवे कपडे झाले, आत्या-मावश्या जमल्या. सगळ्या गल्लीला कळलं. पण पुढची पाळी कधी येईल ते तिला कुणी नीट सांगितलं नाही. अम्मा म्हणाली होती, महिन्याला येते. महिना गेला, दुसरा गेला. जानेवारीत तिनं दप्तरातलं पॅड काढून ठेवलं, कारण शेजारची मुलगी दप्तरात हात घालते. पहिली दोन वर्षं पाळीचं चक्र बसलेलं नसतं. २१ दिवसांनी आली काय, ४५ दिवसांनी आली काय, दोन्ही ठीकच, आणि मधला एखादा महिना चुकणंही या वयात नेहमीचं. हे आयांना माहीत असतं, पण लेकीला सांगायचं राहून जातं.

फेब्रुवारीत विज्ञानाच्या तासाला तिला ओलं लागलं. ती उठली, बाईंच्या कानात सांगितलं. बाई चांगल्या, म्हणाल्या, "जा, ऑफिसातून घे." ऑफिसात कपाटाची किल्ली क्लार्क सरांकडे. शेजारी रजिस्टर: नाव, वर्ग, कारण, सही. टेबलापाशी दाखला न्यायला आलेली नववीची दोन मुलं उभी. सर म्हणाले, "काय पाहिजे गं?" विचारण्यात काहीही वावगं नव्हतं. ती म्हणाली, "काही नाही," आणि परत येऊन बसली. शाळा सुटेपर्यंत उठली नाही. वर्ग रिकामा झाल्यावर वहीचं पान फाडून बाक पुसला आणि दप्तर पाठीला न लावता मागून कमरेशी धरून घरी गेली. स्कर्ट तिनंच धुतला. अम्मा त्या वेळी विड्या द्यायला कारखान्यात गेली होती.

त्यानंतर तिनं पाणी सोडलं. पाणी प्यायलं नाही की शौचालयात जावं लागत नाही, तिथली वाट ऑफिसावरून जाते, आणि ऑफिसात ते रजिस्टर आहे.

मी आईंना म्हटलं, "ताई, शाळेत कुणीही काही वाईट केलेलं नाही. पॅड होते, बाई समजूतदार होत्या, सरही बरे होते. पण 'मला पॅड हवंय' हे तिला तीनदा सांगावं लागलं असतं. बाईंना, सरांना आणि वर कागदावर." अकरा वर्षांच्या मुलीकडून ते एकदाही होणं अवघड असतं. आई बराच वेळ गप्प होत्या. मग लेकीला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही, पण पोर पहिल्यांदा त्यांच्या अंगाला टेकून बसली.

मुख्याध्यापिकांना भेटायला मी त्या दोघींना विचारूनच गेले, आणि मुलीचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. मुख्याध्यापिका लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांची अडचणही खरी होती. आधी वस्तू उघड्या ठेवल्या होत्या, आठवड्यात संपल्या, म्हणून कुलूप आलं. वरून हिशेब मागतात, म्हणून रजिस्टर आलं. मी म्हटलं, हिशेब आणलेल्या वस्तूंचा ठेवू या, नेणाऱ्या मुलींचा नको.

जूनमध्ये झाकणाचा एक मोठा प्लास्टिकचा डबा आणला. माझी पहिली चूक अशी की त्यावर मोठ्या अक्षरांत 'मुलींसाठी' लिहून तो वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर ठेवला. पंधरा दिवसांत कुणी हात लावला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो उघडणार कोण? मग अक्षरं पुसली आणि डबा मुलींच्या शौचालयात आतल्या फळीवर गेला. मुलांच्या बाजूलाही एक डबा ठेवला, कारण तिसरी-चौथीतल्या मुलांची चड्डी ओली होते, कुणाला जुलाब होतात, आणि तेही असेच दप्तर धरून बसतात. त्यांच्याविषयी आपण बोलतच नाही.

डब्यात काय असावं यावर मात्र मी हट्टाला पेटले. नुसते पॅड पुरत नाहीत. निकर भिजली असेल तर पॅड चिकटवायचं कशाला? म्हणून गडद रंगाच्या धुतलेल्या निकर, तीन मापांच्या. दोन स्कर्ट, दोन सलवारी, मुलांकडे हाफ पँट. साबण, छोटा टॉवेल, सेफ्टी पिना, वापरलेलं पॅड गुंडाळायला कागद, ओले कपडे घरी न्यायला पिशव्या. शिवाय पॅड कसं लावायचं याचं एक चित्र झाकणाच्या आतून चिकटवलं, कारण काहींनी पॅड आयुष्यात हातात धरलेलं नसतं. आपलं सोलापूर शाळेचे युनिफॉर्म शिवून देशभर पाठवतं, आणि आपल्याच शाळांत अडीनडीला एक जास्तीचा स्कर्ट नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पालकसभेत एवढंच बोलले, तर शिवणकाम करणाऱ्या दोन आयांनी उरलेल्या कापडाचे स्कर्ट आठवड्यात शिवून आणले, कमरेला नाडी घालून, म्हणजे कुणालाही बसावेत. शेजारी पाण्याचं झाकणबंद पिंप, रोज भरलेलं. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हे काम एका ठरलेल्या माणसाकडे दिलं.

गोळ्या डब्यात ठेवू दिल्या नाहीत, पोटदुखीचीसुद्धा. औषध सामायिक नसतं. ते पालकांच्या लेखी संमतीनं आणि मोठ्या माणसाच्या हातूनच मिळावं. दम्याचा पंप ज्याचा त्याच्या नावाचा. जलसंजीवनीची पाकिटं शिक्षकांच्या खोलीत ठेवली, कारण एक मोठं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवायचं असतं आणि मुलं ते पेलाभर पाण्यात ओततात.

आत ठेवल्यावर पहिल्याच आठवड्यात डबा गुरुवारी रिकामा. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "बघा, सांगितलं होतं ना?" मी विनंती केली, महिनाभर काही न बोलता भरत राहू. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतं, महिनाभराचा खर्च फार नव्हता. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीनं आपणहून सांगितलं, "मी आईला नेलेत, बाई." तिच्या घरी कापडच वापरत होते. त्या आईला जनऔषधी केंद्राचा पत्ता दिला, तिला कुणी रागावलं नाही. मुलींना डबा उद्याही भरलेला असणार याची खात्री पटली, तशी साठवणूक आपोआप कमी झाली. संपेल अशी भीती असते, तोवरच माणूस जास्तीचं उचलतं.

मग आईला काय सांगायचं? पाळी यायच्या आधीच लेकीला पॅड हातात देऊन निकरला लावून दाखवा. एक छोटी कापडी पिशवी शिवून त्यात दोन पॅड, एक निकर घाला आणि ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात राहू द्या, महिना चुकला तरी काढू नका. पॅड चार-सहा तासांनी बदलायचं, हे आकड्यात सांगा. शाळेच्या पहिल्या आठवड्यात जाऊन विचारा की पॅड कुठे आहेत, आणि किल्ली कुणाकडे आहे. दुसरा प्रश्न विसरू नका.

डब्यात आम्ही एक वही आणि पेन्सिलही ठेवली होती, काही हवं असेल तर नाव न घालता लिहायला. खिडकीकडे तोंड करून बसलेली ती मुलगी आता सातवीत आहे, रोज शाळेत जाते. ऑगस्टमध्ये वहीत तिच्या वळणाचं अक्षर दिसलं, तिरकं, शिरोरेषा नसलेलं: "मधल्या दाराची कडी लागत नाही. एकीनं बाहेर उभं राहावं लागतं." शिपाईमामांनी दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी व्हायच्या आत नवी कडी ठोकली.